गरज नसलेल्या वस्तू

माझ्या टेबलाच्या खणात मुठीत मावेल अशी एक डबी आहे. वर नेपोलियनचं चित्र, आत अठ्ठेचाळीस पत्ते. या पत्त्यांवर आकडे नाहीत, बदाम-इस्पिक नाही, राजा-राणी नाही. वर्षाचे बारा महिने आहेत आणि प्रत्येक महिन्याचे चार पत्ते. जानेवारीच्या पाइनजवळ सारस उभा आहे. मार्चमध्ये चेरी फुलली आहे. जुलैच्या झुडपात रानडुक्कर आहे, ऑगस्टच्या टेकडीवर पांढराशुभ्र चंद्र आलाय, ऑक्टोबरच्या मेपलपाशी हरीण मान वळवून मागे बघतंय. जपानीत यांना हानाफुदा म्हणतात, म्हणजे फुलांचे पत्ते.

पत्ता हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा टणकपणा. नेहमीचा पत्ता लवतो, हा लवत नाही. कागदाचे थर एकावर एक चिकटवून तो घडवलेला असतो, आणि मागचा काळा कागद चारही कडांवरून पुढे दुमडलेला असतो. त्यामुळे प्रत्येक चित्राला केसाएवढी काळी चौकट मिळते. एक पत्ता दुसऱ्यावर टाकला की ‘टक्’ असा आवाज येतो, लाकडावर लाकूड पडल्यासारखा. हा आवाज मला इतका आवडतो की लिहिताना अडले की मी डबी उघडते आणि उगाच चारदोन पत्ते टाकत बसते.

डबीवर कंपनीचं नाव आहे: निन्टेंडो. मारिओवाली. ज्यांच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर जगभरच्या मुलांचे अंगठे दुखले, तीच. हे पत्ते त्या कंपनीने हौस म्हणून काढलेले नाहीत. कंपनी जन्मली ती यांच्याचसाठी. २३ सप्टेंबर १८८९ या दिवशी क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची नावाच्या माणसाने हानाफुदा तयार करण्याचं दुकान थाटलं. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद, हाताने रंगवलेली चित्रं.

या पत्त्यांवर आकडे का नाहीत, याची कथा जुगाराशी जोडलेली आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशांबरोबर पत्ते जपानात आले आणि त्यांच्यामागोमाग जुगारही आला. सत्ताधाऱ्यांनी एका प्रकारच्या पत्त्यांवर बंदी घातली की लोक दुसरा प्रकार काढायचे. त्यावर बंदी आली की तिसरा. या पळापळीत आकडे हळूहळू गळून पडले आणि फुलं उरली. मेइजी राजवटीत, १८८०च्या दशकात, बंदी सैल झाली आणि यामाउचींना वाट मोकळी झाली. पत्ते खपायचे ते मुख्यतः जुगाराच्या अड्ड्यांवर, कारण मुरलेला जुगारी वापरलेला जोड पुन्हा हातात घेत नाही. खूण केलेली असू शकते ना. १९०२ साली पत्त्यांवर कर बसला, अनेक कारखानदार बुडाले, यामाउची टिकले. पुढे तंबाखूच्या दुकानांतून पत्ते विकायची सोय झाली आणि धंदा देशभर पसरला.

निन्टेंडो या नावाचा अर्थ ‘नशीब दैवाच्या हवाली’ असा काहीसा लावतात. पत्तेवाल्याला शोभणारा अर्थ आहे. पण या कंपनीचा इतिहास मी गेली काही वर्षं जमेल तसा वाचते आहे, तो नावासाठी नाही. मला त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. या घराण्याला एक कडू सत्य फार लवकर कळलं होतं: आपण जे विकतो त्याची कुणालाही गरज नाही. खेळाविना कुणाचं अडत नाही. लोक कंटाळले की ते दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. तांदूळवाल्याला ही भीती नसते. खेळवाल्याला ती रोज रात्री उशाशी घेऊन झोपावं लागतं.

तांदळाचा उल्लेख मी मुद्दाम केला.

१९४९ साली कंपनीची सूत्रं हिरोशी यामाउची या संस्थापकाच्या पणतूकडे आली. वय बावीसच्या आत-बाहेर, टोकियोच्या वासेदा विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट. वडील तो लहान असतानाच घर सोडून गेलेले, आजोबांनी वाढवलेला. आजोबा आजारी पडले आणि त्यांनी नातवाला बोलावून घेतलं. नातवाने अट घातली की कंपनीत कुटुंबातला दुसरा कुणी राहता कामा नये. तिथे काम करणाऱ्या एका नात्यातल्या माणसाला जावं लागलं. पोरगेल्या मालकाविरुद्ध कामगारांनी संप केला, तोही त्याने मोडून काढला. पुढची त्रेपन्न वर्षं हा माणूस त्या खुर्चीवर बसला. त्याला व्हिडिओ गेम खेळण्यात रस नव्हता. तो गो खेळायचा, तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा जुना खेळ. तरी कुठला व्हिडिओ गेम बाजारात जाईल आणि कुठला नाही, हे शेवटी तोच ठरवायचा.

१९५६ साली तो अमेरिकेत सिनसिनाटीला गेला. जगातल्या सर्वांत मोठ्या पत्ते-कंपनीचं कार्यालय बघायला. आणि ते कार्यालय निघालं अगदी छोटं. त्या दृश्यापाशी मी नेहमी थबकते. आपल्या धंद्यातला डोंगर बघायला समुद्र ओलांडून जायचं आणि समोर टेकाड दिसायचं. आपण अजून वीस वर्षं राबलो, जगात पहिले आलो, तरी शेवटी इथेच येऊन पोचणार, हे त्याला त्या खोलीत उभं राहून कळलं असणार. परतल्यावर त्याने डिस्नेशी करार केला आणि मिकी माऊसची चित्रं असलेले पत्ते काढले. जुगाराच्या अड्ड्यावरचा पत्ता घरातल्या मुलांच्या हातात गेला. १९६२ साली कंपनी शेअर बाजारात उतरली.

आणि मग १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पत्त्यांचा खप कोसळला. शेअर घसरत साठ येनपर्यंत आला. या घसरणीच्या आगेमागे यामाउचीने हाताला लागेल ते करून पाहिलं. गरम पाणी ओतलं की तयार होणारा भात विकला. टॅक्सीची कंपनी चालवली. भात कुणी घेईना. टॅक्सी चालली, पण चालकांच्या संघटनेशी मजुरीवरून रोजची खणाखणी, शेवटी तीही सोडली.

भात आणि टॅक्सी. पोट भरायला भात लागतो, कामावर जायला वाहन लागतं. या कंपनीने गरजेच्या वस्तू विकून पाहिल्या आणि त्यातच ती गाळात गेली. तिला तारलं ते पुन्हा एका निरुपयोगी वस्तूने, आणि ती वस्तू बनवली होती कामाच्या वेळेत टंगळमंगळ करणाऱ्या एका माणसाने.

गुनपेई योकोई १९६५ साली कंपनीत लागला. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, काम पत्ते छापणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचं. यंत्रं ठाकठीक चालत असली की याला काम नसायचं. रिकाम्या वेळात त्याने कातरीसारख्या फुल्याफुल्यांच्या पट्ट्यांचा एक हात बनवला. मुठी जवळ आणल्या की तो सरसर लांब होतो आणि समोरची वस्तू पकडतो. फेरफटका मारणाऱ्या यामाउचीने ते पाहिलं. योकोईला वरून बोलावणं आलं तेव्हा त्याला वाटलं, आता नोकरी गेली. यामाउची म्हणाला, हे विकण्याजोगं कर. १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आला आणि दहा लाखांहून अधिक खपला. देखभालीचा माणूस खेळणी बनवणाऱ्या विभागाचा कर्ता झाला.

योकोईचं एक सूत्र आहे. कारेता गिजुत्सु नो सुइहेई शिको. शब्दशः ‘सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’. इंग्रजीतून येणारे लोक त्यातल्या ‘सुकलेल्या’वर अडखळतात. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे: मुरलेलं. जे तंत्रज्ञान जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्यात, ते घ्यायचं आणि ज्या कामासाठी ते कधी बनलंच नव्हतं त्या कामाला लावायचं. नव्याच्या मागे धावणाऱ्याला नव्याची किंमत मोजावी लागते. मुरलेल्याची किंमत आधीच दुसऱ्यांनी मोजलेली असते.

एकदा शिंकान्सेन या जपानी वेगवान आगगाडीत योकोईला एक नोकरदार दिसला. दमलेला, कंटाळलेला, खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला. असा वेळ घालवायला काहीतरी लहानसं, दुसऱ्यांच्या नजरेत न येणारं हवं, असं योकोईच्या मनात आलं. काही दिवसांनी यामाउचीच्या गाडीचा चालक आजारी पडला आणि परदेशी बनावटीची ती मोठी गाडी चालवायची वेळ योकोईवर आली. रस्त्यात बोलायला विषय हवा म्हणून त्याने ती कल्पना सांगितली. यामाउची फारसं काही बोलला नाही. पण ज्या बैठकीला तो निघाला होता तिथे त्याच्या शेजारी बसले होते शार्प कंपनीचे अध्यक्ष. शार्प आणि कॅसिओ यांच्यात तेव्हा कॅल्क्युलेटरच्या किमती पाडण्याची चढाओढ चालली होती, आणि त्यात लागणारे द्रवस्फटिकाचे (एलसीडी) पडदे आता स्वस्त आणि मुबलक झाले होते. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आलं. कॅल्क्युलेटरचा पडदा, बटणाएवढी बॅटरी, एक खेळ, एक घड्याळ. त्याचे सगळे प्रकार मिळून चार कोटींहून अधिक नग खपले. मधल्या काळात तेलाच्या संकटाने कंपनीचा लेझर नेमबाजीचा मोठा व्यवसाय बुडवला होता. त्या कर्जातून कंपनी बाहेर पडली ती या खिशातल्या खेळण्याच्या जोरावर. १९८२च्या एका गेम अँड वॉचसाठी योकोईने अधिकच्या चिन्हासारखं बटण बनवलं, डाव्या अंगठ्याखाली येणारं. आज कुठल्याही कंपनीचं खेळाचं यंत्र उचला, ते बटण किंवा त्याचं भावंड तिथे असतं.

त्याच सुमाराला अमेरिकेत वेगळाच घोळ चालला होता. यामाउचीचा जावई मिनोरू अराकावा याने १९८० साली तिथे शाखा उघडली आणि ‘रडार स्कोप’ नावाच्या नाणं टाकून खेळायच्या खेळाची तीन हजार कपाटं मागवली. ती समुद्रमार्गे पोचेपर्यंत लोकांचा उत्साह ओसरला. हजारेक विकली गेली, बाकी दोन हजार गोदामात. शाखा बुडायच्या बेतात. यामाउचीने क्योटोहून कळवलं की त्याच कपाटांत बसेल असा नवा खेळ पाठवतो, आणि ते काम दिलं शिगेरू मियामोतो या तरुणाला. तो अभियंता नव्हता. कला महाविद्यालयात औद्योगिक रचना शिकून, वडिलांच्या ओळखीने १९७७ साली नोकरीला लागला होता. देखरेखीला योकोई.

मियामोतोकडे माणूस काढायला सोळा गुणिले सोळा चौकोनी ठिपके होते. तेवढ्यात ओठ काढता येत नाहीत, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी. केस उडताना दाखवता येत नाहीत, म्हणून टोपी. हात हलताना दिसले पाहिजेत, म्हणून सदऱ्यावर वेगळ्या रंगाचा खांद्यापर्यंतचा कामगारी पोशाख. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदावर सोळा घरं आडवी, सोळा उभी आखली आणि स्वतः माणूस काढून पाहिला. दहा मिनिटांत मीही मिशीपाशी येऊन पोचले. तोंड बसेना. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक असा अडचणीतून घडलाय.

१९८१ साली मियामोतोच्या या नव्या खेळाचे, ‘डाँकी काँग’चे, सर्किट बोर्ड अमेरिकेत पोचले. सिअॅटलजवळच्या टकविला इथल्या गोदामात अराकावा, त्याची बायको आणि मोजकी माणसं यांनी हाताने एकेक कपाट उघडून जुने बोर्ड काढले, नवे बसवले. गोदामाच्या मालकाचं नाव होतं मारिओ सेगाले. खेळातल्या त्या मिशीवाल्या सुताराला नाव मिळालं ते त्याच्यावरून. खेळ तुफान चालला. इतका, की १९८२ साली युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीने खटला भरला: तुमच्या खेळातलं माकड म्हणजे आमचा किंग काँग. जॉन कर्बी या वकिलाने कोर्टात दाखवून दिलं की युनिव्हर्सलनेच पूर्वी एका खटल्यात किंग काँगची कथा सार्वजनिक मालकीची आहे असं मांडलं होतं. निन्टेंडो जिंकली. नंतर तिच्या एका गोल गुलाबी पात्राचं नाव कर्बी ठेवलं गेलं.

फॅमिकॉम या घरच्या टीव्हीला जोडून खेळायच्या निन्टेंडोच्या यंत्राबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आटोपते. १५ जुलै १९८३, किंमत १४,८०० येन, रचना मासायुकी उएमुराची. चिप स्वस्तात मिळावी म्हणून रिको कंपनीला प्रचंड मोठ्या मागणीची हमी दिली. सुरुवातीच्या यंत्रांत चिपचा दोष निघाला तर विकलेली यंत्रं परत मागवून दुरुस्त केली. त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, कारण कुणीही काहीही खेळ काढत होतं आणि ग्राहकांचा विश्वास उडाला होता. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये निन्टेंडो उतरली तेव्हा दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द ऐकायला तयार नव्हते. म्हणून यंत्राबरोबर एक छोटा रोबो दिला आणि ते खेळणं म्हणून विकलं.

इथून पुढे कंपनीची दुसरी बाजू दिसते आणि ती मला आवडत नाही, पण ती टाळून हा इतिहास सांगता येत नाही. यंत्रात कुलपासारखी एक चिप होती. निन्टेंडोच्या परवानगीशिवाय बनवलेला खेळ त्यावर चालायचाच नाही. दुसऱ्या कंपन्यांना वर्षाला पाचच खेळ काढायची मुभा. खेळ ज्यात भरलेला असतो ती कार्ट्रिज बनवणार निन्टेंडो, पैसे आगाऊ, आणि तोच खेळ दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर द्यायचा नाही. गुणवत्तेसाठी काही बंधन हवं होतं हे मान्य. अमेरिकेतला बाजार बंधन नसल्यानेच मेला होता. पण त्या बंधनाचा गळफास व्हायला वेळ लागला नाही. किमती पाडू नयेत म्हणून दुकानदारांवर दबाव आणल्याच्या आरोपावरून १९९१ साली अमेरिकेत तडजोड करावी लागली आणि ग्राहकांना पाच-पाच डॉलरच्या सवलतीची कुपनं द्यावी लागली.

त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोला आणखी एक प्रसंग घडला. सोनीच्या केन कुतारागीने निन्टेंडोच्या नव्या यंत्रासाठी ध्वनीची चिप बनवली होती आणि दोन्ही कंपन्या मिळून सीडीवर चालणारं यंत्र काढणार होत्या. सोनीने प्रदर्शनात ते जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने त्याच प्रदर्शनात जाहीर केलं की आम्ही सीडीसाठी फिलिप्सबरोबर जातोय. सोनीबरोबरच्या करारात सीडीवरच्या खेळांचे हक्क हातातून जात होते, हे यामाउचीच्या लक्षात आलं होतं. व्यवहार म्हणून त्याचा निर्णय समजू शकतो. पण सोबत्याला भर सभेत असं उघडं पाडणं हा दर्प होता आणि त्याची किंमत चुकवावी लागली. डिसेंबर १९९४ मध्ये कुतारागीचं प्लेस्टेशन आलं. पुढची दोन निन्टेंडो यंत्रं त्याच्या सावलीत राहिली.

मला मात्र त्या काळातलं आठवतं ते गेम बॉय, हातात धरून खेळायचं यंत्र. योकोईच्या विभागाने १९८९ साली काढलेलं. रंग नाही, पडद्यामागे दिवा नाही, शेवाळी हिरव्यावर गडद हिरवे ठिपके. प्रतिस्पर्ध्यांकडे रंगीत पडदे होते. पण त्यांच्या बॅटऱ्या काही तासांत संपायच्या, गेम बॉय चार पेन्सिल सेलवर बराच काळ चालायचा. मुरलेलं तंत्रज्ञान. लहानपणी मी दुसऱ्याच्या गेम बॉयवर टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायचा खेळ, खेळले आहे. पडद्याच्या डावीकडे बारीक लाल दिवा असतो. सेल उतरायला लागले की तो फिका होत जातो. तो विझायच्या आत ही ओळ भरायची, एवढंच त्या क्षणी जगात महत्त्वाचं असायचं. पहिल्या आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एक गेम बॉय निन्टेंडोच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानात अनेक वर्षं मांडून ठेवला होता. प्लास्टिक वितळून काळं पडलेलं आणि पडद्यावर टेट्रिस चालू.

१९९५ साली योकोईचं ‘व्हर्चुअल बॉय’ आलं आणि आपटलं. डोळ्यांना लावून बघायचं, लाल-काळ्या चित्रांचं यंत्र. आठ लाखही खपलं नाही. पुढच्या वर्षी योकोई कंपनी सोडून गेला. अपयशामुळेच गेला असं सरसकट सांगतात. त्याने स्वतः ते नाकारलं, सोडायचा विचार आधीपासून होता असं तो म्हणाला. त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली, बान्दाई कंपनीसाठी एक हातात धरायचं यंत्र रचलं. ४ ऑक्टोबर १९९७ला रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. छप्पन्न वर्षांचा होता. ते यंत्र बाजारात आलेलं त्याला बघायला मिळालं नाही.

आता त्या डबीकडे येते. ती मी विकत घेतलेली नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत काम करत होते तिथे दोन तिमाह्या वाईट गेल्या. एका सकाळी आम्हाला एका खोलीत बोलावलं आणि सांगितलं की काही जागा कमी होत आहेत. नावं नंतर ज्याला त्याला एकटं बोलावून कळवली. ज्या उत्पादनामुळे तोटा झाला ते काढायचा निर्णय आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. ज्यांचा होता त्यांच्या पगाराबद्दल त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या शेजारी बसणारा सहकारी दुपारी खण आवरायला लागला. तो एकदा क्योटोला जाऊन आला होता, तिथून आणलेली ही डबी त्याच्या खणात असायची. जेवणाच्या सुट्टीत त्यानेच मला हानाफुदाचा डाव शिकवला होता. त्याने ती माझ्या कीबोर्डवर ठेवली आणि तो निघाला. मी राहिले. राहिलेल्यांना कसं वाटतं त्यावर फारसं कुणी बोलत नाही. त्या संध्याकाळी मला माझ्या पगाराची लाज वाटली.

सातोरू इवाताबद्दल मी त्याच आठवड्यात वाचलं.

इवाता साप्पोरोचा. शाळेत असताना प्रोग्रॅम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरवर खेळ रचणारा मुलगा. पुढे ‘हॅल लॅबोरेटरी’ या छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर झाला. १९९३ साली ती कंपनी दीड अब्ज येनच्या कर्जात बुडत होती. यामाउचीने मदतीचा हात पुढे केला, पण इवाताला अध्यक्ष करा या अटीवर. तेहतीस वर्षांचा इवाता अध्यक्ष झाला आणि त्याने पहिलं काम केलं ते कंपनीतल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलण्याचं. नंतर ते वर्षातून दोनदा, कायम. सहाएक वर्षांत कर्ज फिटलं. याच काळात ‘मदर २’ नावाचा एक खेळ वर्षानुवर्षं रखडला होता. इवाताने तो पाहिला आणि सांगितलं, आहे तेच दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं लागतील, मुळापासून नव्याने केला तर सहा महिने. नव्याने केला आणि तो बाहेर पडला.

२००२ साली यामाउची पायउतार झाला आणि त्याने इवाताला खुर्ची दिली. यामाउची घराण्याबाहेरचा पहिला अध्यक्ष, एकूण चौथा. ‘व्हिजिटिंग कार्डावर मी कंपनीचा अध्यक्ष आहे, डोक्यात खेळ रचणारा आहे, पण मनाने मी खेळणारा आहे,’ हे २००५ साली त्याने गेम बनवणाऱ्यांच्या सभेत म्हटलेलं वाक्य प्रसिद्ध आहे. त्याच्या काळात डीएस हे हातात धरायचं यंत्र आलं, पंधरा कोटींवर खपलं. टीव्हीला जोडायचं वी आलं, दहा कोटींवर. वी करताना चित्रांच्या झगमगाटात सोनी-मायक्रोसॉफ्टशी स्पर्धा करायची नाही असं ठरलं होतं. कधी हातात रिमोटशिवाय काही न धरलेल्या आजीनेही उठून हात हलवावा, अशी धडपड होती. योकोईला जाऊन नऊ वर्षं झाली होती, त्याचं सूत्र कंपनीत राहिलं होतं.

२०११ साली ३डीएस आलं, २५,००० येनला. खपेना. सहा महिन्यांत किंमत १५,००० वर आणावी लागली. इवाताने स्वतःचा पगार निम्मा केला. बाकीच्या वरिष्ठांनी वीस-तीस टक्क्यांनी कमी घेतला. पुढे वी यू हे यंत्र पडलं आणि २०१४च्या सुरुवातीला त्याने पुन्हा काही महिने निम्मा पगार घेतला. मधल्या काळात भागधारकांनी विचारलं होतं की माणसं का कमी करत नाही. आपली नोकरी जाईल या भीतीत वावरणारी माणसं जगाला थक्क करणारे खेळ बनवू शकतील असं मला वाटत नाही, अशा आशयाचं त्याचं उत्तर होतं.

त्या आठवड्यात ते उत्तर मी कितीदा वाचलं याची मोजदाद नाही. पुढे आणखी वाचल्यावर कळलं की त्याच २०१४ साली निन्टेंडोने जर्मनीतलं एक कार्यालय बंद केलं आणि तिथल्या शंभराहून अधिक जणांचं काम गेलं. म्हणजे क्योटोतल्या माणसांना मिळालेली सावली सगळ्यांना मिळाली नाही. ते कळल्यावर मला वाईट वाटलं. तरीही वरून पगार कापायला सुरुवात करणारा माणूस मला मोठा वाटतो. त्याला हे परवडलं त्याचंही कारण आहे. कंपनीने सुगीच्या काळात पैसा उधळला नव्हता, रोकड साठवली होती. गरज नसलेल्या वस्तू विकणाऱ्याने दुष्काळाची सोय आधी करायची असते, हे भात आणि टॅक्सीच्या दिवसांत हाडांत मुरलेलं होतं.

११ जुलै २०१५ला पित्तनलिकेतल्या गाठीच्या आजाराने इवाता गेला. पंचावन्न वर्षांचा. ज्या यंत्राची तयारी त्याच्या काळात सुरू झाली ते स्विच ३ मार्च २०१७ला आलं आणि पंधरा कोटींच्या पुढे गेलं. त्या पहिल्या स्विचच्या पोटात काहींना एक लपवलेला खेळ सापडला: १९८४चा ‘गोल्फ’, इवाताने स्वतः लिहिलेला. तो कुठल्याही यादीत नव्हता. यंत्रावरची तारीख ११ जुलै असेल आणि दोन्ही हातांतले रिमोट, इवाता चित्रफितींत दोन्ही हात पुढे करायचा तसे हलवले, तरच तो उघडायचा. नंतरच्या एका बदलात तो काढून टाकला गेला. कंपनीने त्याबद्दल गाजावाजा केला नाही. कुणीतरी आपल्या माणसाला त्या यंत्राच्या आत जागा करून दिली होती, एवढं मला पुरे.

क्योटोतली १९३० साली बांधलेली कंपनीची जुनी इमारत आता हॉटेल आहे. उजी शहरातल्या ज्या कारखान्यात पूर्वी पत्ते बनायचे तिथे २ ऑक्टोबर २०२४ला निन्टेंडोचं संग्रहालय उघडलं. तिथे यंत्रं मांडली आहेत, आणि हाताने हानाफुदा बनवायला शिकवतातही.

डबी देणारा सहकारी आता दुसरीकडे काम करतो. मीही ती नोकरी सोडून बरेच दिवस झाले. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही भेटतो तेव्हा पत्ते मी घेऊन जाते. आमचा डाव कोई-कोई. त्यात ठरावीक पत्ते जुळले की दोन वाटा असतात: गुण घेऊन डाव थांबवायचा, किंवा ‘कोई-कोई’ म्हणायचं, म्हणजे ‘येऊ दे अजून’. पुढे खेळताना समोरच्याचं आधी जुळलं तर आपलं सगळं गेलं. मागच्या खेपेला ऑगस्टचा चंद्र त्याच्याकडे होता. मग सप्टेंबरच्या शेवंतीखालचा पेला त्याने उचलला, म्हणजे चांदण्यातली मैफल जुळली, गुण हक्काचे. माझ्यापुढे रानडुक्कर आणि हरीण होतं, त्यांच्या त्रिकुटातल्या एका फुलपाखराची वाट बघत होते, आणि हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने पत्ते खाली ठेवले नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “कोई-कोई.”